दिवसा घरी कोण असतं

धनेश मुसळेच्या घरी पाहुणा आला, की त्याला पाण्याच्या आधी लाइटबिल मिळायचं. बिल लॅमिनेट केलेलं होतं. पाहुणा टेकतो न टेकतो तोच धनेश ते शोकेसमधून काढायचा, त्याच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "बघा किती आलंय ते." पाहुणा बघायचा. शून्य. अगदी शून्य नसायचंच खरं तर. वापर असो वा नसो, भरावा लागणारा शे-सव्वाशेचा स्थिर आकार खाली छापलेला असायचा. पण बिल पुढे करताना धनेशचा अंगठा नेमका त्या ओळीवर असायचा. दोन वर्षं त्याची बायको विजयश्री हा अंगठा बघत आली होती.

चिखलीतल्या दीड गुंठ्यातल्या त्या घराच्या गच्चीवर तीन किलोवॅटचे सोलर पॅनेल चढले आणि धनेशची मान जी ताठ झाली ती झालीच. गल्लीत पॅनेल बसवणारा तो पहिला. लातूरकडून येऊन, भाड्याच्या सात खोल्या बदलून, स्वतःच्या गच्चीपर्यंत पोचलेला माणूस. त्याला अभिमान वाटावा हे विजयश्रीला मान्य होतं. पण अभिमानालाही काही वेळकाळ असतो. हा गडी मयताला गेला तरी येताना कुणाला तरी सबसिडी समजावून आलेला असायचा.

मग नियम बदलला. आधीचा हिशोब लहान पोरालाही कळेल असा होता. दिवसा गच्चीवर जादा झालेली वीज वीजवाल्यांच्या तारेत जायची आणि रात्री तेवढीच परत मिळायची, फिटंफाट. नवा मीटर बसला आणि त्याने दिवस आणि रात्र असे दोन कप्पे केले. दिवसा तयार झालेली वीज दिवसाच्याच वापरातून वजा होणार, उरलेली वीजवाले मामुली भावात ठेवून घेणार, आणि संध्याकाळनंतर जी लागेल ती त्यांच्याकडून चढ्या दराने घ्यायची. पहिल्याच महिन्याला चौदाशे साठ रुपये बिल आलं. धनेशने ते तीनदा वाचलं. या बिलावर अंगठा ठेवून भागणार नव्हतं, पंजा लागला असता.

विजयश्री त्या दिवशी कामावरून परत येत होती. कंपनीची मिनीबस तिला चौकात सोडायची आणि तिथून गल्लीच्या तोंडाशीच अय्याजभाईंचं दुकान होतं. मोटर वाइंडिंग, पंखे-मिक्सर दुरुस्ती, आणि अलीकडे पॅनेल. दुकानासमोर आपला नवरा हातवारे करत उभा आहे हे तिला लांबूनच दिसलं. बघितलं न बघितल्यासारखं करून जावं असं तिच्या मनात आलं, पण रस्ता एकच होता.

"अय्याजभाई, तुम्ही मला शून्य बिल सांगितलं होतं," धनेश म्हणत होता. "वीस वर्षं शून्य. हे तुमचे शब्द आहेत."

"शब्द माझेच, पण नियम माझा नाही ना भाऊ," अय्याजभाई हातातल्या मोटरवरून नजर न काढता म्हणाले. "आणि एवढं काय आभाळ कोसळलंय? पॅनेल आजही परवडतात. पैसे चार वर्षांत वसूल होणार होते, ते आता सहा-सात वर्षांत होतील. दिवसाचं दिवसा वापरा. धुणं, पाण्याचा पंप, इस्त्री, मिक्सर, जेवढं उन्हात उरकेल तेवढं उन्हात उरका. बिल निम्म्यावर येईल."

"निम्म्यावर नाही. मला शून्य पाहिजे."

"मग दिवसा घरी कोण असतं, ते बघा."

अय्याजभाईंनी हे सहज म्हटलं. गिऱ्हाइकाला वाटेला लावायला माणूस काहीतरी म्हणतो, तसं. पण धनेशच्या चेहऱ्यावर एकदम जो भाव उमटला तो विजयश्रीच्या चांगला ओळखीचा होता. कंपनीत एखादा दोष सापडला की तो असाच चेहरा घेऊन घरी यायचा आणि दोन दिवस जेवताना त्याचं ताटाकडे लक्ष नसायचं.

धनेश चाकणच्या एका गाड्यांच्या कंपनीत क्वालिटीचा सुपरवायझर होता. गाडीत खोट निघाली की तिचं मूळ शोधायची तिथे एक रीत होती. तिला सगळे व्हाय-व्हाय म्हणायचे. दोष लिहायचा आणि पाच वेळा 'का' विचारायचं. स्क्रू सैल का? स्क्रू आवळायची बंदूक नीट लागली नाही. का? हवेचा दाब कमी. असं करत पाचव्या 'का'ला जे उत्तर येईल ते मूळ कारण. मग त्यासमोर तीन रकाने भरायचे: कारवाई, जबाबदार, तारीख. धनेशला या कलेत दोन ढाली मिळाल्या होत्या आणि तिसरीसाठी त्याचा जीव टांगणीला लागलेला होता. कंपनीत त्याने काय दिवे लावायचे ते लावावेत, विजयश्रीला त्याची अडचण नव्हती. पण घरातलं दूध उतू गेलं तरी हा माणूस पहिला 'का' विचारायचा, आणि तोवर दूध शेगडीभर व्हायचं.

त्याच आठवड्यात विजयश्रीच्या बाबतीत एक गोष्ट घडली होती. मुलगी इंद्रायणी शिकायला कोल्हापूरला गेल्यावर घर खायला उठलं, म्हणून आठ महिन्यांपूर्वी ती महाळुंग्याच्या एका लहान कारखान्यात लागली होती. कारखाना हार्नेस बनवायचा, म्हणजे गाडीच्या पोटातल्या शेकडो वायरींची वेणी. विजयश्रीचं काम तपासायचं. पिन पुरती बसली आहे का, वाकडी आहे का, रंगाच्या जागी रंग आहे का. आठ महिन्यांत तिच्या हातून गेलेली एकही पेटी परत आली नव्हती. मंगळवारी प्रॉडक्शनच्या कुलदीप सरांनी तिला बोलावून घेतलं. हा पोरगा तिच्याहून चौदा-पंधरा वर्षांनी लहान, पण सगळ्या बायका त्याला सर म्हणायच्या आणि तो त्यांना ताई.

"ताई, सोमवारपासून लाइन लीडर व्हाल का? अठ्ठावीस बायकांची लाइन आहे. कंत्राटदाराकडून नाव निघेल, डायरेक्ट कंपनीच्या रोलवर याल. शनिवारी सांगितलं तरी चालेल."

विजयश्रीने तिथेच हो म्हणायला तोंड उघडलं होतं. मग एकोणीस वर्षांच्या संसाराची सवय आडवी आली आणि ती म्हणाली, "घरी विचारून सांगते." बसमध्ये बसल्यावर तिला स्वतःचाच राग आला. विचारायचं काय होतं त्यात? तरी तिने चौकातून पाव किलो पेढे घेतले. सांगायचंच आहे तर गोड तोंडाने सांगू, म्हणून.

धनेश जमिनीवर बसून ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर पट्टीने रेघा मारत होता. तिने सांगितलं. त्याने पेढा तोंडात टाकला, चघळला आणि म्हणाला, "हां. पण घाई करू नको. उद्या संध्याकाळी मी एक मांडणार आहे, ते आधी समजून घे. अय्याजभाईंना आणि वहिनींना पण बोलावलंय. टीम पाहिजे ना." अभिनंदन राहिलंच. पेढा मात्र त्याने दुसराही घेतला.

बुधवारी धनेशची पहिली पाळी होती, तो साडेचारलाच घरी आला. सात वाजता अय्याजभाई आणि त्यांची बायको शहाजादीभाभी आले. शहाजादीभाभी समोरच्या घरात शिलाई करायच्या; त्यांच्याकडे दोन मशिनी होत्या आणि जीभ त्याहून वेगात चालायची. बैठकीच्या भिंतीवर कागद चिकटवलेला, हातात लाल पेन, आणि धनेशने चक्क इन केलेला शर्ट घातला होता. विजयश्रीला इतकी लाज वाटली की ती चहा टाकायला म्हणून आत गेली आणि साखर घातल्यावर पुन्हा साखर घालून बसली.

"पहिला का," धनेशने सुरुवात केली. "बिल का आलं? कारण संध्याकाळनंतर वीज जास्त घेतली. दुसरा. संध्याकाळनंतर का घेतली? कारण धुणं, इस्त्री, मिक्सर, पंप, ही सगळी कामं आपल्याकडं संध्याकाळी होतात. तिसरा. संध्याकाळी का होतात?" इथे त्याने शाळेच्या मास्तरासारखं सगळ्यांकडे बघितलं. "कारण दिवसा घरी कोणी नसतं. चौथा. दिवसा कोणी का नसतं?"

धनेशने लिहिलं: विजयश्री कामाला जाते.

"पाचवा. विजयश्री कामाला का जाते?"

विजयश्री दारात कपबशा घेऊन उभी होती. तिला वाटलं, आता हा मान वळवेल. आता विचारेल. ती तीन हातांच्या अंतरावर उभी होती, तोंड होतं, उत्तरही होतं. धनेशने मान वळवली नाही. तो थोडा थबकला, पेनचं टोपण चावलं आणि लिहिलं: गरज नसताना.

मग त्याने रकाने भरले. कारवाई: नोकरी बंद. जबाबदार: विजयश्री. तारीख: शनिवार. अक्षर सुवाच्य होतं. त्याबद्दल मात्र त्याला नावं ठेवायला जागा नव्हती.

अय्याजभाई चटईकडे बघत राहिले. चहा घ्यावा की उठावं हे त्यांना कळेना. शहाजादीभाभींना असला प्रश्न कधीच पडत नसे.

"भाईजान, एक विचारू का?" त्या म्हणाल्या. "तुमची दुसरी पाळी असते तेव्हा तुम्ही दुपारी दोनपर्यंत घरी. तिसरी असते तेव्हा सकाळी आठला येता ते रात्रीपर्यंत घरी. मी मशिनीवर बसते ना, खिडकीतून सगळं दिसतं मला. तीन आठवड्यांतले दोन आठवडे दिवसा घरात तुम्हीच असता. तुमचं नाव कुठं लिहिलंय यात?"

"वहिनी, शिफ्टच्या माणसाला झोप लागते."

"दुपारी बारापर्यंत? मग गच्चीवर उभे राहून ते पॅनेल पुसतं कोण रोज? तुमचा भाऊ?"

अय्याजभाई खोकले. "टायमर लावू, भाऊ," ते घाईघाईने म्हणाले. "पंपाला लावतो, मशीनला लावतो. वहिनींनी रात्री कपडे आत टाकून ठेवायचे, सकाळी दहाला आपोआप मशीन सुरू होईल. हजारभरात काम होऊन जाईल. माणसाला घरी बसवायची काय गरज आहे?"

"ती वरवरची मलमपट्टी झाली," धनेश म्हणाला. "मूळ कारणावर घाव घालायचा असतो."

मूळ कारण कपबशा घेऊन अजून दारातच उभं होतं. विजयश्रीने ट्रे खाली ठेवला. चहा कमालीचा गोड झाला होता, पण कोणी तसं म्हणालं नाही.

त्या रात्री स्वयंपाक करताना तिच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. इंद्रायणी लहान असल्यापासून हा माणूस रोज घरी आला की बूट काढता काढता विचारायचा, "दिवसभर घरी बसून करतेस काय?" तेव्हा ती दोन वेळचा स्वयंपाक करायची, पाणी भरायची, पोरीचा अभ्यास घ्यायची, त्याच्या लातूरच्या पाहुण्यांची उठबस करायची, आणि तरी ते बसणंच असायचं. आज त्याच बसण्याला भाव आला होता. कशासाठी? तिच्यासाठी नव्हे, पोरीसाठीही नव्हे. तिने दुपारी बटण दाबावं म्हणून. इतका संताप तिला लग्नात मानपानावरून झालेल्या भांडणातही आला नव्हता.

आणि ती का जायची? पैसा हवाच होता, पण नुसत्या पैशासाठी नव्हे. महाळुंग्याला बाकावर बसून तिने पेटी बाजूला काढली, की तेरा लाखांची मशिनं थांबायची. इंजिनिअर पळत यायचा आणि विचारायचा, "ताई, काय दिसलं?" आणि ती सांगायची ते तो लिहून घ्यायचा. काय दिसलं, असं तिला त्याआधी जन्मात कोणी विचारलं नव्हतं. तसं पहिल्यांदा विचारलं त्या दिवशी ती संडासात जाऊन रडली होती. हे तिला नवऱ्याला सांगायचं होतं, आठ महिने सांगायचं होतं. पण तो बिल दाखवत होता.

गुरुवारी सकाळी डबा हातात देताना तिने सरळ सांगून टाकलं. "मी शनिवारी हो म्हणणार आहे."

धनेश काही बोलला नाही. डबा घेतला, हेल्मेट घातलं आणि गेला. विजयश्रीला वाटलं, उतरली हवा. शहाजादीभाभींचा फटका बरोबर बसला. तिला त्याची थोडी कीवही आली, आणि ही तिची या सगळ्या प्रकरणातली सर्वात मोठी चूक. धनेश गप्प बसला होता कारण त्याच्या दृष्टीने चर्चा संपली होती. कागदावर तारीख पडली होती. आता कारवाई तेवढी राहिली होती, आणि तारखेआधी कारवाई पुरी करण्याबद्दलच तर त्याला ढाली मिळाल्या होत्या.

शनिवारी साडेअकराला ती कुलदीप सरांच्या केबिनला गेली. खरं तर ती केबिन म्हणजे प्लायवूडचं खोकं, पण तिने आत जाण्याआधी साडीचा पदर नीट केला आणि टोपी सरळ केली. कुलदीप सर तिच्याकडे न बघता स्टेपलरशी खेळत बसले.

"सर, मी हो म्हणायला आलेय."

"ताई, पण..." तो गोंधळला. "मुसळे सरांचा मेसेज आला ना परवा. मी ते दुसऱ्या ताईंना विचारायचं ठरवलं. पत्र टाइप करायला दिलंय. अजून सही नाही झाली, पण..."

"काय मेसेज?"

त्याने फोन पुढे केला. विजयश्रीने वाचलं. मजकूर मराठीत होता आणि अतिशय व्यवस्थित होता. नमस्कार कुलदीप. सौ. विजयश्री घरगुती कारणास्तव लाइन लीडरचे पद स्वीकारू शकत नाहीत, तसेच या महिनाअखेर काम थांबवत आहेत. कृपया नोंद घ्यावी. कारवाई पूर्ण समजावी. खाली कुलदीप सरांनी पाठवलेला अंगठा होता.

तिला पहिल्यांदा काही कळेना. या पोराकडे धनेशचा नंबर कसा? मग लख्ख उजेड पडला. या कारखान्याच्या वायरी धनेशच्याच कंपनीत जायच्या. वर्षातून दोनदा तिथली माणसं इथे तपासणीला यायची, त्यांत धनेश असायचा. हा कुलदीप त्याच्यापुढे फाइल घेऊन उभा राहायचा आणि त्याला नाश्त्याला काय आवडतं हे आधी विचारून ठेवायचा. म्हणजे निरोप नवऱ्याने पाठवला नव्हता, गिऱ्हाइकाने पाठवला होता. घरातला एक 'का' सोडवायला धनेश मुसळेने कंपनीची खुर्ची वापरली होती. तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. दुःख वगैरे काही वाटलं नाही. किळस वाटली.

"सर, यात माझी सही कुठं आहे?"

"ताई, ते तुमचे मिस्टर आहेत..."

"माझ्या सहीशिवाय माझ्या बाकावरून पेटी पुढं जाते का? तुम्हीच शिकवलंत ना? तपासणाऱ्याची सही नसेल तर माल थांबवायचा, मालक जरी आला तरी. मग माणूस कसं काय पुढं ढकललंत?"

कुलदीपच्या कपाळावर घाम आला. तो वाईट मुलगा नव्हता, घाबरट होता. "ताई, उद्या ते ऑडिटला आले आणि मनात राग धरला तर माझी लाइन लटकेल. तुम्ही घरी बोलून घ्या ना. सोमवारी बघू."

"घरी बोलून झालंय," विजयश्री म्हणाली. "आणि ऑडिटला येऊ देत की. माझ्याच लाइनवर आणा. एक पिन वाकडी दाखवू देत, त्याच दिवशी काम सोडते. कोरा कागद द्या."

तिने उभ्याउभ्या लिहिलं. माझ्या कामाबद्दलचा कोणताही निरोप माझ्या सहीशिवाय ग्राह्य धरू नये, मग तो कोणाचाही असो. मला लाइन लीडरचे काम मान्य आहे. खाली पूर्ण नाव, तारीख, वेळ अकरा चाळीस. कुलदीपने कागद वाचला, परत वाचला, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू सुटका दिसू लागली. आता त्याच्याकडे कागद होता. चाकणात माणसाला धीर येतो तो कागदाने. त्याने आत हाक मारून ते दुसरं पत्र थांबवायला सांगितलं.

विजयश्री चौकात उतरली तेव्हा सहा वाजून गेले होते. अय्याजभाईंनी दुकानातून मान वर करून विचारलं, "वहिनी, काय झालं?" ती म्हणाली, "झाले लीडर." अय्याजभाई हसले आणि आत कुणाला तरी चहा सांगायला लागले, पण ती थांबली नाही.

घरी धनेश भिंतीवर दुसरा कागद चिकटवत होता. विजयश्रीने चपला काढता काढता वाचला. पुढच्या महिन्यापासूनचं वेळापत्रक होतं. नऊ ते दहा धुणं. दहा ते अकरा पंप आणि मिक्सर. अकरा ते साडेबारा इस्त्री. प्रत्येक कामासमोर युनिट लिहिलेले, आणि वर मथळा: विजयश्रीचा दिवस. साडेबारा ते एक जेवणाची सुट्टीही दिली होती. मन मोठं होतं म्हणायचं.

"सोमवारी मी लाइन लीडर म्हणून रुजू होतेय," ती म्हणाली.

"कसं काय? मी कुलदीपला सांगितलं होतं."

"हो. वाचलं मी. अक्षर इथं चांगलं येतं तुमचं, मोबाइलवर तेवढं कळत नाही."

धनेशने चिकटपट्टीचं रीळ खाली ठेवलं. आपण पकडले गेलो आहोत याची लाज त्याच्या चेहऱ्यावर असेल असं तिला वाटलं होतं. लाज नव्हती. माल परत आल्यावर असतं तसं त्रासिक नवल होतं. "अगं, पण यात तुझ्याविरुद्ध काय आहे? मी फक्त कारण काढलं. घराचा तोटा दिसत होता. तू नाही तर दुसरं कोण आहे दिवसा? पॅनेल काय उगाच तळपत राहायचे?"

"कारण काढलंत तुम्ही? माझ्या बाबतीतलं कारण, मी समोर उभी असताना, मला न विचारता? एखाद्या स्क्रूचं कारण काढायचं तर तुम्ही त्या पोराला बोलावून विचारता. त्याला चहा पाजता. मी स्क्रू मारणाऱ्या पोराएवढीपण नव्हते?"

बाहेर कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. गच्चीवरचे पॅनेल थंड पडले होते. त्यांना बिचाऱ्यांना नियम बदलल्याचं कुणी कळवलेलं नव्हतं. ते उद्या ऊन आलं की पुन्हा कामाला लागणार होते, आणि अय्याजभाईंच्या हिशोबाने सहा-सात वर्षांत पैसे फेडणारही होते. त्यांच्यात काही खोट नव्हती.

धनेशने भिंतीवरच्या जुन्या कागदाकडे बघितलं, पाचव्या ओळीकडे. मग पहिल्यांदाच तो वळला आणि हातात पेन नसताना, साध्या आवाजात त्याने विचारलं, "मग सांग ना. का जातेस तू कामाला?"

विजयश्रीने त्याच्याकडे बघितलं. आठ महिने ती या प्रश्नाची वाट बघत होती. बुधवारी दारात कपबशा घेऊन ती याचीच वाट बघत उभी होती. संडासातलं रडणं, पळत आलेला इंजिनिअर, सगळं तिच्या जिभेवर होतं. आणि समोरच्या माणसाला ते द्यावं असं आता तिला जरासुद्धा वाटत नव्हतं.

"तुम्ही लिहिलंय ना उत्तर," ती म्हणाली. "राहू द्या तेच."

तिने कपाटातून सोमवारसाठी निळी साडी काढली, टेबलावर चादर घातली आणि इस्त्रीचं बटण दाबलं. सव्वासात वाजले होते. धनेशने घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि खाली बसला.